‘मेल्या’ या शब्दाबाबत खुलासा

सदर इसम मध्यम वयाचा, मध्यम उंचीचा व मध्यम स्वभावाचा असून उदरनिर्वाहासाठी उद्वाहन दुरुस्तीचे काम करतो. (उद्वाहन म्हणजे लिफ्ट. हा शब्द फक्त लिफ्टमधल्या पाटीवर राहतो, आणि तो वाचायला सवड फक्त आत अडकलेल्या माणसाला मिळते.) सदर इसम ‘पैलतीर’ या ऑनलाइन खेळातील मराठी बंदराचा वरिष्ठ पंच म्हणून नियुक्त आहे. शिवीगाळ करणाऱ्या, इतरांच्या होड्या बुडवणाऱ्या वा अन्य प्रकारे उपद्रव देणाऱ्या कोणत्याही खेळाडूस समज देणे, गप्प बसवणे, तात्पुरते किंवा कायमचे बाहेर काढणे, हे सर्व अधिकार त्यास प्राप्त आहेत. वय, पद अथवा नाते यांची भीडभाड न ठेवता तो ते बजावतो, असे त्याच्या नेमणूकपत्रात म्हटले आहे. पदास वेतन नाही. वरिष्ठ म्हणण्याचे कारण एवढेच, की मराठी बंदरात दुसरा पंच नाही.

कामावर त्यांना जिनाकाका म्हणत. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभं आयुष्य गेलं, पण स्वतः कधी लिफ्टने वर गेले नाहीत. पाना, टेस्टर आणि तेलाची बाटली भरलेली पिशवी खांद्याला लावून ते जिन्याने चढत. कोणी हसलं तर म्हणत, “आचाऱ्याला विचारा, तो स्वतःचं जेवण कुठे करतो.” उजव्या बुटाची नाडी काळी, डाव्या बुटाच्या नाडीत मात्र एक लाल दोरा ओवलेला. बरोबरच्या मेकॅनिकांना वाटे की हा काही तोडगा असावा. कोणी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

कामात त्यांची ख्याती होती ती पान्यासाठी नव्हे, तोंडासाठी. माणूस लिफ्टमध्ये अडकला की आधी बटणं दाबतो, सगळी, एकदम. मग दार बडवतो. मग बाहेरच्यांच्या खानदानाचा उद्धार करतो. अशा वेळी दुसरे मेकॅनिक थेट वर मशीनच्या खोलीकडे धावत. जिनाकाका आधी बंद दाराला तोंड लावून विचारत, “आत कोण आहे?” आणि उत्तर आलं की, “बरं. बसायला जागा आहे का?” या प्रश्नाने भलेभले गडबडत. लिफ्टमध्ये बसायची जागा असते का, याचा विचार करता करता बडवणं थांबे, आणि मग काका सावकाश वर जात. त्यांचं म्हणणं असं की दार बडवणारा माणूस वाईट असेलच असं नाही, अडकलेला मात्र नक्की असतो. काही अडकलेले वाईटही निघतात, पण बाहेर त्यांनाही काढावंच लागतं.

लग्न केलं नव्हतं. विषय निघाला की, “आमची नोकरी वर-खाली होणारी, कोण देणार पोरगी?” असं म्हणून मोकळे होत. राहायला एक खोली आणि तिच्या पोटात स्वयंपाकाचा ओटा. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीशी एक टेबल आणि टेबलावर कॉम्प्युटर. संध्याकाळी चहा झाला की ते त्या खुर्चीत बसत आणि समुद्रावर जात.

‘पैलतीर’ खेळ साधा आहे. होडीत चौघं. दोघांनी वल्हवायचं, एकाने सुकाणू धरायचं, एकाने आत येणारं पाणी उपसायचं, आणि माल पलीकडच्या दीपगृहापर्यंत पोचवायचा. एकट्याला मालाने भरलेली होडी हलत नाही. चार माणसांनी एका दिशेने जावं, एवढीच अट. ती माणसांना किती जड जाते यावर कंपनीचं पोट चालतं. मराठीत पैलतीराला जाणं म्हणजे दुसरंच काही होतं, हे कंपनीला कोणी सांगितलं नव्हतं. कळलं तोवर पाटी रंगवून झाली होती.

चौघं एकत्र आले की त्यात एक खोडसाळ असतोच. कोणी होडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरवी. कोणी धक्क्यावर बांधलेल्या दुसऱ्यांच्या होड्यांचे दोर सोडून देई. एक होता तो सगळ्यांच्या कानात तुतारी वाजवी. त्याला बाहेर काढा म्हणून अर्धं बंदर काकांच्या मागे लागलं. काकांनी त्याला विचारलं, “आत कोण आहे?” तो म्हणाला, “मी.” “बरं. धुकं पडतं तेव्हा बंदरात भोंगा वाजवायला माणूस नाही. वाजवशील?” तेव्हापासून धुक्यात त्याची तुतारी वाजते आणि ज्यांनी तक्रार केली होती तेच लोक तिच्या अंदाजाने होड्या किनाऱ्याला लावतात. याउलट एक जण एका बाईच्या मागे होडीहोडीतून फिरून घाण बोलत असे. त्याला काकांनी काहीही विचारलं नाही. दार उघडलं आणि बाहेर. बसायला जागा आहे का, हेही नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना ‘अबोली’ची तक्रार आली.

खेळात प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं. अबोली हे नाव घेतलेली खेळाडू रोज दुपारी होडीवर येई आणि बोलायची थांबत नसे. कंपनीने एक यंत्र बसवलं होतं. ते प्रत्येकाचं बोलणं ऐके, आपल्या भाषेत उलथवी आणि वावगं काही आढळलं की ठपका ठेवी. तीन ठपके पडले की खेळाडू कायमचा बाहेर. त्याची होडी, नाव, जमवलेलं सगळं पुसलं जाई आणि पुन्हा प्रवेश नाही. अबोलीवर यंत्राने आधीच दोन ठपके ठेवले होते. पहिला: “मेल्या, वल्हं धरलंयस की छत्री?” यावर शेरा होता ‘मृत्यूची धमकी’. दुसरा: “या वेळची चूक पोटात घालते, पण पुन्हा केलीस तर बघ.” शेरा: ‘समोरच्याच्या पोटात वस्तू घालण्याचा इरादा, वस्तू अज्ञात’. शिवाय “डोकं खाऊ नकोस माझं” या वाक्यापुढे ‘मानवी अवयवांचे भक्षण, तपास चालू’ असं लिहिलं होतं.

काका मनापासून हसले. पण तिसरी तक्रार यंत्राची नव्हती. ती ‘शिंपला’ नावाच्या एका खेळाडूची होती आणि तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. “होडी धक्क्याला होती. अबोलीने तळाचं बूच काढून पाण्यात फेकलं. आम्ही चौघंही होडीत होतो. होडी बुडाली. होडी माझी होती. तिच्यावरचे मासे मी एकेक करून रंगवले होते. भांडण तिचं आणि खडकचं होतं. मी काही केलं नव्हतं.”

शेवटचं वाक्य काकांनी पुन्हा वाचलं. मग त्या वेळचं बोलणं लावून ऐकलं. लाटांचा आवाज, वल्ह्यांचा आवाज, आणि मग एक वयस्कर, खणखणीत, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल असा बाईचा आवाज:

“डावीकडे! अरे डावीकडे म्हणतेय मी! तुझा डावा हात कुठला, उलटबुट्या?”

चहाचा कप ओठांपर्यंत आला होता तो तिथेच राहिला.

‘उलटबुट्या’ हा शब्द कुठल्याही कोशात नाही. यंत्रालाही तो कळला नव्हता, म्हणून त्याने त्यावर ठपका ठेवला नव्हता; खरं तर अख्ख्या संभाषणात अपमान म्हणावा असा तेवढाच एक शब्द होता. तो जगात एकाच बाईने बनवला आणि एकाच माणसाला लावला. काकांचे आईवडील नोकरीपायी सतत फिरतीवर, म्हणून ते लहानपणी आत्याकडे राहिले. आत्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. तिथे वाढणारा हा एकुलता एक मुलगा रोज सकाळी डावा बूट उजव्या पायात आणि उजवा डाव्या पायात घालून शाळेला निघे. आत्या फाटकाशी उभी राहून ओरडे, “उलटबुट्या, थांब!” मग खाली बसून बूट बदली. शेवटी तिने डाव्या बुटाच्या नाडीत लाल दोरा ओवला. डावा पाय कुठला हे काका पुढे शिकले, पण दोरा काढायचं राहून गेलं.

तर अबोली म्हणजे आत्या. टॅबलेट काकांनीच तिला दिला होता, फोटो बघायला म्हणून. फोटो तिने एकदा बघितले असावेत.

इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर पंचांच्या मनात पहिली आली ती काळजी नव्हे. त्यांना जरा लागलं. उलटबुट्या ही पदवी आपल्या एकट्याच्या मालकीची, अशी त्यांची समजूत होती. ती कुणा ‘खडक’ नावाच्या परक्या माणसाला फुकटात मिळालेली ऐकून ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी एका इमारतीच्या गच्चीवरल्या मशीनच्या खोलीतून, डबा खाऊन झाल्यावर, त्यांनी आत्याला फोन लावला.

“आत्या, हल्ली दुपारी काय करतेस?”

“का? स्थळ आणलंयस माझ्यासाठी?”

“सहज विचारलं.”

“सहज विचारणारा माणूस गुडघ्याचं विचारतो. तीन वाजता मला काम असतं. तिघं खोळंबतात माझ्यावाचून.”

“कोण तिघं?”

“आहेत. तुला काय करायचंय?” मग आवाज जरासा खाली आला. “वसतिगृह बंद झाल्यापासून माझ्यावाचून कुणाचं काही खोळंबलेलं आठवतंय तुला? या इमारतीत दार उघडायची खोटी, समोरचा आपलं लावून घेतो. इथे कोण कुणाची वाट बघतं? बघतात ती लिफ्टची. ठेव आता, वेळ झाली.”

प्रश्न सरळ होता. शिंपलाची तक्रार खरी धरली की आत्याला तिसरा ठपका, आणि आत्या कायमची बाहेर. खोटी धरावी तर ती खोटी नव्हती. बूच कुणी काढलं हे त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. काढताना आत्या म्हणाली होती, “घे, आता वल्हव उलटं!”

नियमावलीत लिहिलं होतं की नात्यातल्या माणसाच्या प्रकरणात पंचाने बसू नये. काका नियमाचे पक्के. त्यांनी वरच्या मुख्य पंचाला सगळं कळवून टाकलं. ही मुख्य पंच कुठल्याशा लांबच्या देशातली बाई होती. मराठी बंदरात तिला सरपंच म्हणत. तिला मराठी येत नव्हतं आणि काकांना तिची भाषा येत नव्हती. मधे तेच यंत्र दुभाष्या म्हणून बसलं होतं. आत्याला ते ‘वडील-बहीण’ म्हणे.

सरपंचबाईंचं उत्तर आलं: “आपल्या वडील-बहिणीचे प्रकरण वाचले. मराठी वाचणारा अन्य पंच आहे काय?”

“नाही.”

“तर आपण शब्द सांगा. निर्णय मी सांगेन. प्रथम: ‘मेल्या’. हे मृत्यूविषयी आहे काय?”

काकांनी संध्याकाळभर बसून खुलासा लिहिला. “मेल्या म्हणजे मेलेला. पण ज्याला म्हणायचं तो जिवंत लागतो. आमच्याकडे घरातली मोठी बाई ज्याच्यावर रागावते आणि ज्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही, त्याला मेल्या म्हणते. अनोळखी माणसाला सहसा म्हणत नाही. माणूस खरोखर मेला, की त्याला कोणी मेल्या म्हणत नाही. त्या दिवसापासून तो शब्द त्याच्यापुरता बंद होतो. म्हणून हा शब्द कानावर पडतो आहे तोवर सगळं ठीक आहे असं समजावं.”

या खुलाशात तो शब्द पुन्हा पुन्हा आल्यामुळे यंत्राने वरिष्ठ पंचांवर मृत्यूच्या धमकीचा ठपका ठेवला.

सरपंचबाईंनी तो खोडला. मग विचारलं, “द्वितीय: पोटात घालणे?”

“म्हणजे माफ करणे.”

“पोटात का?”

काकांनी विचार केला. “डोक्यात जागा नसते म्हणून,” त्यांनी लिहिलं.

उत्तर आलं: “माझ्या आईचेही असेच आहे. दोन्ही ठपके रद्द. तृतीय राहिला. खडक याने उपद्रव दिला होता काय? दिला असल्यास शिक्षा सौम्य करता येईल.”

ही पळवाट होती आणि चांगली रुंद होती. खडक मुद्दाम उलटं वल्हवत होता, होडी आठवडाभर गोल फिरत होती, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. खडक कधीच एक शब्द बोलत नसे, म्हणून यंत्राने त्याला कधी पकडलं नव्हतं. काकांनी तसं लिहून दिलं असतं तर काम झालं असतं. त्यांनी लिहायला घेतलंही. मग थांबले. दाराआडच्या माणसाला काही न विचारता वर जायची त्यांना सवय नव्हती.

खडक धक्क्याच्या टोकाला एकटाच एका रिकाम्या होडीत बसला होता. त्याच्याबरोबर आता कोणी बसत नसे. काकांनी आपली होडी शेजारी लावली.

“आत कोण आहे?”

उत्तर नाही.

“बरं. बसायला जागा आहे का?”

बऱ्याच वेळाने एक घोगरा, दमलेला आवाज आला. पहिल्यांदाच. “होडीच आहे. जागाच जागा.”

“मी पंच. एक विचारू? उलटं का वल्हवता?”

“उलटं नाही वल्हवत.”

“सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणतात म्हणून मी जास्त जोरात सुलटं वल्हवतो,” खडक म्हणाला, “आणि ते जास्त जोरात उलटं जातं. एक बाई ओरडायची, डावीकडे, डावीकडे. मी डावंच दाबत होतो, साहेब.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम करत नव्हता?”

“मुद्दाम करायला जमलं असतं तर सुलटं नसतं केलं?”

काका खुर्चीत पुढे सरकले. “सेटिंगमध्ये जा. खाली. ‘दिशा उलट’ असं काही दिसतंय? त्यापुढे खूण आहे का?”

लाटा. मग खडक म्हणाला, “अरेच्चा.”

“कधीची आहे?”

“पहिल्या दिवशी काहीतरी दाबलं होतं खरं. मला वाटलं रंग बदलेल होडीचा.”

“विचारायचं नाही का कुणाला?”

“हसतील म्हणून नाही विचारलं. आमच्याकडे नातवंडंसुद्धा हसतात.” मग त्याने विचारलं, “त्या बाई मला काहीतरी म्हणायच्या. उलटबुट्या. शिवी आहे का ती?”

“नाही,” पंच म्हणाले. “पदवी आहे. फार कमी लोकांना मिळते.”

खूण काढल्यावर खडकने होडी धक्क्यापासून सरळ बाहेर नेली आणि सरळ परत आणली. मग त्याने ते पुन्हा एकदा केलं.

पळवाट बंद झाली होती आणि ती काकांनी स्वतःच बंद केली होती. त्यांनी सरपंचबाईंना जसं होतं तसं लिहिलं: खडकचा उपद्रव नव्हता. घोटाळा होता. बूच काढलं ते रागाने, आणि ज्याची होडी बुडाली त्याचा काही संबंध नव्हता. बाईंनी विचारलं, “ती आपली वडील-बहीण नसती तर आपण काय केले असते?” काकांनी लिहिलं, “आठवडाभर बाहेर.” उत्तर आलं: “तसेच करा. तिला आपणच सांगा. मला धैर्य नाही.”

फोन संध्याकाळी केला.

“आत्या, एक सांगायचंय.”

“सांग लवकर. माझं डोकं ठिकाणावर नाही. त्या मेल्या खेळात मला आत घेत नाहीयेत. ‘आठवडाभर प्रवेश बंद’ म्हणे. कोण पंच आहे तो समोर येऊ दे, त्याचे कान उपटून हातात देते.”

“मीच आहे.”

काकांनी फोन कानापासून दूर धरला.

“तू?”

“हो.”

“तू पंच? स्वतःच्या बुटाचा निवाडा करता येत नव्हता तुला!”

“आत्या, तू त्यांची होडी बुडवलीस.”

“बुडवली! बरं केलं! तो मेला आठवडाभर उलटं वल्हवतोय, बाकीची दोघं तोंडाला कुलूप लावून बसलेली, कुणीतरी काहीतरी करायला नको?”

“तक्रार करायची.”

“आयुष्यभर पोरींच्या तक्रारी ऐकून घेतल्या मी. करायची कशी असते ते कुठे ठाऊक आहे मला?”

“तो मुद्दाम नव्हता करत. त्याचं डावं-उजवं उलटं लागलं होतं. त्याला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती.”

आत्या गप्प झाली. ही गप्प होण्याची तऱ्हा वेगळी होती. काकांनी ती आयुष्यात फार वेळा ऐकली नव्हती.

“खरंच उलटबुट्या निघाला की रे,” ती शेवटी म्हणाली. “आणि मी ओरडतेय त्याच्यावर, फाटकातून ओरडल्यासारखी. खाली बसून बघितलंच नाही.” मग, “ती शिंपला कोण? पोरगी आहे का?”

“माहीत नाही. मासे रंगवायची होडीवर.”

“बघितलेत ना मी. एकेका खवल्याला वेगळा रंग.” मग म्हणाली, “माझी होडी तिला देता येते का? पंचाला असतो ना अधिकार?”

“येते देता. तुला मग काही राहणार नाही.”

“मला कशाला हवीय होडी? मला माणसं हवीत. होडी कुणाचीही चालते. दे तिला. माझी कोरी आहे, काही चितारलेलं नाही, तिला रंगवायला बरी. आणि त्या खडकाला सांग, डाव्या बाजूला लाल दोरा बांध म्हणावं. पडद्यावर नाही, टेबलाला. हसू नकोस, उपयोग होतो त्याचा.”

“नाही हसत,” काका म्हणाले, आणि टेबलाखाली स्वतःच्या बुटाकडे बघितलं.

“आठवड्याने घेतील ना परत?”

“घेतील.”

“नक्की? नाहीतर तू म्हणशील घेतील आणि ते मेले...”

“नक्की, आत्या. ठपका एकच आहे. बाकीचे दोन खोडले.”

“ते कशाचे होते?”

“तुझ्या बोलण्याचे.”

“माझ्या बोलण्यात काय वाईट आहे?” आत्या खरोखरच चकित होऊन म्हणाली. मग तिने विचारलं, “पण मग आठवडाभर दुपारी मी करू काय?”

या प्रश्नाला नियमावलीत उत्तर नव्हतं, आणि काकांनाही सुचलं नाही. आत्याला सुचलं. दुसऱ्या दिवशी काका जिना उतरून कामाला निघाले तर ती खाली फाटकाशी एक बॅग आणि एक उशी घेऊन उभी. “बघतोस काय? घे ती बॅग. तू बाहेर काढलंस ना, मग आता आत घे.” बुटांकडे नजर टाकून घेतली. दोरा दिसला तशी काही न बोलता जिना चढायला लागली.

आठवडा फार काही वेगळा गेला नाही. काका कामाला जात. आल्यावर पाने आकाराप्रमाणे लावून ठेवलेले सापडत, त्यामुळे हवा तो पाना सापडत नसे. संध्याकाळी ते बंदरात पंचगिरी करत तेव्हा आत्या पलंगावर बसून मागून बघे. खेळात तिला प्रवेश बंद होता, पण पंचाच्या पाठीमागे बसून सूचना देऊ नयेत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. “त्या दोरवाल्याला सोड, तो आजारी दिसतोय. हा मात्र बनेल आहे, याच्या आवाजावरूनच कळतं. अरे, डावीकडे बघ, डावीकडे!”

एका संध्याकाळी शिंपलाची नवी होडी धक्क्याकडे येताना दिसली. शिंपलाने होडी घेताना आभार मानले नव्हते आणि कुणी अपेक्षाही केली नव्हती. तळापासून वरपर्यंत होडी कोरी होती. पुढच्या टोकाशी मात्र एक मासा रंगवायला घेतलेला होता, आणि वल्ह्यावर खडक बसला होता. होडी सरळ चालली होती.

“चौथी जागा रिकामी आहे,” आत्या म्हणाली.

“हो.”

“कुणाला घेतील का तोवर?”

काकांनी होडीजवळ जाऊन विचारलं. खडकने शिंपलाला विचारलं, शिंपलाने तिसऱ्याला. मग खडकच बोलला. त्याला आता बोलायची सवय लागत होती. “तीन वाजताच्या बाईंची आहे ती जागा. त्या येईपर्यंत पाणी आम्ही आळीपाळीने उपसतोय.”

आत्याने उशी झटकली, सारखी केली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. थोड्या वेळाने भिंतीकडून आवाज आला, “दिवा मालव, मेल्या. डोळ्यांवर येतोय.”

खोलीत पलंग एकच असल्याने त्या आठवड्यात वरिष्ठ पंच जमिनीवर झोपले.